दुप्पट आणि उलटे फंड: बडोद्यात बसून सौदा करण्याआधी काय तपासायचं, किती घ्यायचं, कधी निघायचं

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एखाद्याचे निफ्टीच्या इंडेक्स फंडात ६ लाख रुपये आहेत असं धरा. पुढचे चार-पाच दिवस बाजार पडेल असं त्याला वाटतं, पण फंड मोडायचा नाही, कारण मोडला की नफ्यावर कर लागतो. त्याच्यापुढे काय आहे? निफ्टीचा फ्युचर, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला मिटवायचा करार, विकला तर एक लॉट, म्हणजे सौद्याचं सर्वांत लहान माप, किमान १५ लाखांचा. सेबीनं नोव्हेंबर २०२४ पासून नव्या करारांसाठी हीच खालची मर्यादा घातली आहे. म्हणजे ६ लाखांच्या संरक्षणासाठी अडीच पट मंदी (भाव पडण्यावर लावलेला सौदा) करावी लागते, आणि उरलेली दीड पट हा निव्वळ जुगार होतो. पुट, म्हणजे ठरल्या भावात विकण्याचा हक्क, घेता येतो, पण त्याचाही लॉट तेवढाच आणि त्यासाठी मोजलेला प्रीमियम रोज झिजतो. त्याला नेमकी हवी असलेली वस्तू, म्हणजे निर्देशांक एक टक्का पडला की एक टक्का वाढणारा आणि पाच हजारांपासून हवा तेवढा घेता येणारा फंड, भारतात मिळत नाही.

फंड नाही, पण निर्देशांक आहे. एनएसईची निर्देशांक कंपनी ‘निफ्टी ५० वन-एक्स इन्व्हर्स’ (उलटा) आणि ‘निफ्टी ५० टू-एक्स लिव्हरेज’ (दुप्पट) हे आकडे रोज काढते. त्यांच्यावर फंड नाही, कारण म्युच्युअल फंडाला तात्पुरत्या गरजेपुरतंच, निव्वळ मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंत आणि सहा महिन्यांसाठीच कर्ज काढता येतं, आणि शेअर, रोखे, डेरिव्हेटिव्ह (फ्युचर-ऑप्शनसारखे करार) मिळून एकूण गुंतवणूक १०० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. दुप्पट फंडाला २०० टक्के लागतात.

आमचं मत आधीच सांगतो. या फंडांचा दरवाजा किरकोळ गुंतवणूकदारासाठी समज तपासून उघडावा, सरसकट बंद ठेवू नये. सेबीच्याच पाहणीनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. हा तोटा जो बाजार उघडा आहे त्यातला आहे. एप्रिल २०२० मध्ये एमसीएक्स या वस्तू-वायदे बाजारात कच्च्या तेलाचा वायदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला, तेव्हा खरेदीदारांना घातलेल्या रकमेच्या वर पैसे भरावे लागले. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या फंडात तोटा घातलेल्या रकमेवर थांबतो. कमी धोक्याची वस्तू बंद आणि जास्त धोक्याची उघडी, ही रचना आम्हाला पटत नाही. मात्र हे फंड सोपे नाहीत, आणि हक्क मागणाऱ्याला आधी त्यांचं गणित यायला हवं.

आधी वहीत

या फंडांचं वचन फक्त एका दिवसाचं असतं. दुप्पट फंड म्हणतो, आज निर्देशांक जितका हलेल त्याच्या दुप्पट मी हलेन. महिन्याचं, वर्षाचं वचन तो देत नाही. दिवस संपला की आधार नव्यानं मोजला जातो.

निर्देशांक १०० वर आहे. पहिल्या दिवशी १० टक्के वाढला, ११०. दुसऱ्या दिवशी १० टक्के पडला, ९९. तोटा १ टक्का. दुप्पट फंड १०० वरून १२०, मग २० टक्के खाली, ९६. तोटा ४ टक्के. तिप्पट फंड १३०, मग ३० टक्के खाली, ९१. तोटा ९ टक्के. आता उलट्या फंडाकडे पाहा: १०० वरून ९०, मग १० टक्के वर, ९९. निर्देशांक पडला, तरी मंदीवाल्याचाही १ टक्का गेलाच. उणे दुप्पट ८० वर जाऊन ९६ वर येतो, उणे तिप्पट ७० वर जाऊन ९१ वर.

बाजार एकाच दिशेनं चालला की हेच गणित बाजूनं काम करतं. निर्देशांक रोज २ टक्के असा दहा दिवस चढला तर तो २१.९ टक्के वर असतो. दुप्पट फंड ४३.८ नाही, ४८ टक्के वर असतो. रोज २ टक्के पडला तर निर्देशांक १८.३ टक्के खाली, दुप्पट फंड ३३.५ टक्के खाली, म्हणजे दुपटीपेक्षा थोडा कमी तोटा. म्हणून ‘हे फंड नेहमी झिजतातच’ हे वाक्य अर्धवट आहे. ते वर-खाली हेलकावणाऱ्या बाजारात झिजतात.

झीज किती, हे आधी काढता येतं. गुणक घ्या, त्यातून एक वजा करून आलेल्या संख्येनं त्यालाच गुणा, आणि दोननं भागा. २ साठी उत्तर १ येतं. उणे १ साठीही १. ३ साठी ३, उणे २ साठीही ३, उणे ३ साठी ६. या संख्येला वार्षिक चढउताराच्या वर्गानं गुणलं की वर्षाची ढोबळ झीज मिळते. निर्देशांक वर्षाअखेर जिथून निघाला तिथेच परत आला आणि चढउतार २० टक्के होता असं धरलं, तर दुप्पट आणि साधा उलटा फंड प्रत्येकी सुमारे ३.९ टक्के खाली, तिप्पट आणि उणे दुप्पट ११.३ टक्के खाली, उणे तिप्पट २१.३ टक्के खाली. चढउतार ४० टक्के असेल तर हेच आकडे १४.८, ३८.१ आणि ६१.७ होतात. खर्च यात धरलेला नाही. साधा उलटा फंड दुपटीइतकाच झिजतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘उणे एक म्हणजे सौम्य’ असं समजून लोक तो महिनोन्महिने धरून बसतात.

रोजच्या हालचालीवरून वार्षिक चढउतार काढायचा तर रोजच्या प्रमाण विचलनाला १६ नं गुणा. निर्देशांक रोज साधारण सव्वा टक्का इकडे-तिकडे होत असेल तर वार्षिक २० टक्के.

झिजेचं कारण फंडाच्या आतल्या सौद्यात आहे. दुप्पट फंडाकडे १०० रुपये आहेत आणि त्यावर २०० चा सौदा उभा आहे. निर्देशांक १० टक्के चढला, फंड १२० झाला, सौदा २२० झाला. उद्यासाठी २४० हवेत, म्हणून संध्याकाळी २० ची खरेदी. दुसऱ्या दिवशी पडला की विक्री. महागात घेणं आणि स्वस्तात विकणं, रोज, नियमानं. उलटा फंडही चढत्या दिवशी खरेदीच करतो: १०० चा फंड ९० झाला, मंदीचा सौदा ११० झाला, उद्याला ९० चाच हवा, म्हणून २० परत विकत घ्यायचे. बाजार बंद होण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात मोठ्या हालचालीच्या दिवशी जो जोर दिसतो, त्यात या खरेदी-विक्रीचा वाटा असतो.

हे पुस्तकी गणित नाही. अमेरिकेच्या सेक (शेअर बाजाराची नियामक) आणि फिनरा (दलालांवर देखरेख करणारी) या दोन्ही संस्थांनी ऑगस्ट २००९ मध्ये गुंतवणूकदारांना दिलेल्या इशाऱ्यात एक उदाहरण होतं: १ डिसेंबर २००८ ते ३० एप्रिल २००९ या काळात एक निर्देशांक सुमारे ८ टक्के वर गेला, त्याचा तिप्पट फंड ५३ टक्के पडला आणि उणे तिप्पट ९० टक्के. तेजीवाला आणि मंदीवाला, दोघेही बुडाले.

पैसे न लावता सराव

निफ्टी इंडायसेसच्या संकेतस्थळावर ऐतिहासिक आकड्यांच्या विभागातून निफ्टी ५० चे किमान दोन वर्षांचे रोजचे बंद भाव उतरवून घ्या. पहिला स्तंभ तारीख, दुसरा बंद भाव, तिसरा रोजचा बदल, म्हणजे आजचा भाव भागिले कालचा, वजा एक. चौथा स्तंभ दुप्पट फंडाचा: १०० पासून सुरुवात, पुढच्या प्रत्येक ओळीत कालचा आकडा गुणिले (एक अधिक दोन वेळा आजचा बदल). पाचवा उलट्याचा, तसाच, फक्त दोनऐवजी उणे एक. सहावा तिपटीचा.

मग खर्च घाला. दुप्पट फंड एक पट रक्कम उसनी वापरतो. उसन्याचा दर ७ टक्के आणि फंडाचा खर्च १ टक्का धरला तर वर्षाला ८, म्हणजे व्यापाराच्या दिवसाला सुमारे ०.०३२ टक्के. तो रोजच्या परताव्यातून वजा करा. उलट्या फंडात उसनवारी नसते, हाती रोख असते आणि तिच्यावर व्याज मिळतं, म्हणून तिथे सरावापुरता फक्त फंडाचा खर्च पुरे. तुमचा दुप्पट स्तंभ निफ्टीच्या टू-एक्स निर्देशांकाशी ताडून पाहा. फरक थोडा असेल तर सूत्र बरोबर आहे. वेडावाकडा असेल तर बहुतेक वेळा एखादी तारीख दोनदा आलेली असते किंवा सुट्टीची ओळ रिकामी राहून बदलाचा आकडा बिघडलेला असतो.

यानंतरची पायरी महत्त्वाची. यादृच्छिक वीस तारखा निवडा आणि प्रत्येकीपासून १, ५, २० आणि ६० दिवस फंड धरला असता तर काय झालं असतं ते लिहा. शेजारी निर्देशांकाच्या एकूण बदलाची दुप्पट लिहा. दोन्हींतला फरक एका दिवसाला जवळपास शून्य, पाच दिवसांना किरकोळ आणि साठ दिवसांना कधी कधी चक्रावून टाकणारा दिसेल. ज्याला हा तक्ता स्वतः करता येतो त्याला हे फंड घेऊ द्यावेत, आणि ज्याला येत नाही त्यानं ते घेऊ नयेत. परीक्षा असावी तर अशीच असावी, असं आम्हाला वाटतं.

बडोद्याहून उघडी असलेली वाट

आज ही वाट परदेशातून जाते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धन-प्रेषण योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि परदेशी बाजारात नोंदलेले शेअर व फंड घेता येतात. परदेशी बाजारात किंवा तिथल्या दलालाकडे मार्जिन (उधारीच्या सौद्यासाठी ठेवायची अनामत) भरण्यासाठी या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत डेरिव्हेटिव्हही वगळले आहेत. दुप्पट किंवा उलट्या ईटीएफात (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) तुम्ही स्वतः उधार घेत नाही; पूर्ण किंमत मोजून युनिट घेता, उधारी फंडाच्या आत असते. तरी काही प्लॅटफॉर्म हे फंड दाखवतच नाहीत, काही दाखवतात पण खरेदीचं बटण बंद ठेवतात. म्हणून खातं उघडण्याआधी प्लॅटफॉर्मला फंडाचं नेमकं चिन्ह लिहून विचारा, उत्तर ईमेलवर घ्या, आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेलाही तोच प्रश्न विचारा. तोंडी ‘चालतं’ यावर पैसे पाठवू नका.

बँकेत अ-२ फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतो, शेअरमधल्या गुंतवणुकीचा उद्देश-संकेतांक एस-०००१ लिहावा लागतो. रावपुऱ्यातली किंवा मांडवीजवळची लहान शाखा परकीय चलनाचं काम स्वतः करत नसेल तर कागद मोठ्या शाखेकडे जातात आणि दिवस लागतात. सौद्याच्या आदल्या दिवशी बँक गाठून उपयोग नाही. चलनाच्या दरात बँक किती फरक ठेवते हे टक्क्यांत विचारा. ०.५ आणि १.५ टक्क्यांतला फरक या कामात फार मोठा आहे, कारण चार दिवसांच्या सौद्यात तेवढाच नफा अपेक्षित असतो. आर्थिक वर्षात सर्व बँका मिळून १० लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो: १२ लाख पाठवले तर २ लाखांवर ४० हजार. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. पाठवलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवली नाही तर परत आणावी लागते. ‘संधीची वाट पाहत’ डॉलर तसेच ठेवणाऱ्यांना हा नियम नडतो.

एक गोष्ट स्पष्ट ठेवा. अमेरिकी निर्देशांकावरचा उलटा फंड तुमच्या निफ्टीच्या ६ लाखांचं संरक्षण करत नाही. ज्याच्याकडे अमेरिकी शेअर किंवा नॅस्डॅकचा फंड आहे, त्याच्याच तो कामाचा. बडोद्यातल्या कित्येकांची मुलं तिकडे असतात आणि घरात तिकडचे शेअरही असतात, त्यांना हे लागू पडेल.

फंड निवडताना त्याच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान वाचा. गुणक किती, ‘डेली’ हा शब्द आहे का, आणि ही वस्तू फंड आहे की नोट. नोट म्हणजे पैसे परत देण्याचं बँकेचं लेखी वचन. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकी बाजाराचा अस्थिरता निर्देशांक एका दिवसात दुपटीहून वर गेला आणि त्याच्या वायद्यांवरची एक्सआयव्ही ही उलटी नोट ९० टक्क्यांहून जास्त पडून बंद झाली. पायाशी काय आहे तेही पाहा: व्यापक निर्देशांक, एकच क्षेत्र, एकच शेअर की वायदे. अमेरिकी बाजारात निर्देशांक ७, १३ आणि २० टक्के पडला की सर्किट लागतं, म्हणजे व्यवहार थांबवले जातात, आणि २० वर दिवसाचा व्यवहार थांबतो, म्हणून व्यापक निर्देशांकाचा तिप्पट तेजीचा फंड एका दिवसात शून्य होणं अवघड. एकाच शेअरवरच्या फंडाला हे कवच नाही. शेअर एका दिवसात ३४ टक्के उलट गेला की तिप्पट वस्तू संपली. पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं व्यापक निर्देशांकावरचा उणे एक किंवा दुप्पट एवढ्यावरच राहावं.

रक्कम ठरवण्याची पद्धत उलटी आहे. आधी ठरवा, एका वाईट दिवशी किती गेले तर चालेल. ६ लाखांच्या पुंजीवर १ टक्का, म्हणजे ६,००० रुपये, धरा. वाईट दिवस म्हणजे निर्देशांकाची ५ टक्के हालचाल. उणे एकच्या फंडात ६,००० भागिले ०.०५, म्हणजे १ लाख २० हजार लावता येतील. दुप्पट फंडात ६० हजार. तिप्पट फंडात ४० हजार. ‘तिप्पट आहे म्हणून तिप्पट लावू’ असा विचार करणारा एका दिवसात नऊ पट धोका घेतो.

अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १.३०, आणि तिथलं घड्याळ मागे गेलं की ८ ते २.३० असा चालतो. फंडाचा दिवस त्या बंद होण्याशी संपतो. एका दिवसाचा सौदा करायचा तर रात्री दीडपर्यंत जागावं लागतं, नाहीतर तो दोन दिवसांचा होतो. हे आधीच मान्य करून रक्कम ठरवा. उघडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं सोडा. २४ ऑगस्ट २०१५ रोजी बाजार उघडताना कित्येक ईटीएफचे भाव त्यांच्या आतल्या मालमत्तेच्या कितीतरी खाली गेले होते, आणि ज्यांचे स्टॉप-लॉस (ठरल्या भावाखाली गेलं की आपोआप विका, अशी ऑर्डर) लागलेले होते त्यांचे युनिट त्याच भावात विकले गेले. ऑर्डर लिमिटचीच, म्हणजे भाव नेमून, द्या. युनिटचा तुकडा घेताना बरेच प्लॅटफॉर्म फक्त बाजारभावाची ऑर्डर घेतात, त्यामुळे शक्य तर पूर्ण युनिट घ्या. स्टॉप-लॉस रात्रीच्या फटीत काम करत नाही: बाजार आदल्या बंदपेक्षा ४ टक्के खाली उघडला तर तुमचा २ टक्क्यांचा स्टॉप ४ टक्क्यांवरच सुटेल, आणि तिप्पट फंडात ते १२ टक्के होतात.

पाच दिवसांहून जास्त धरायचं असेल तर रोज संध्याकाळी प्रमाण मोजा. संरक्षणासाठी घेतलेला उलटा फंड बाजार चढला की आकसतो, पडला की फुगतो. ठरवलेल्या प्रमाणापासून दहा टक्क्यांहून जास्त हलला तर कमी-जास्त करा. आणि निघायची तारीख घेतानाच लिहून ठेवा, भाव नव्हे, तारीख. बाजार चुकीच्या दिशेनं गेला तर ‘परत येईल’ म्हणून थांबणं साध्या शेअरात कधी कधी फळतं. इथे निर्देशांक परत आला तरी फंड परत येत नाही. वरच्या उदाहरणात निर्देशांक ९९ वरून १०० झाला तरी दुप्पट फंड ९८ च्या आतच राहतो. जुना आलेख बघताना उलटं विभाजनही लक्षात घ्या: सतत पडणारे फंड अधूनमधून अनेक युनिटांचं एक करतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीचा भाव आलेखावर हजारोंत दिसतो. तो भाव तेव्हा तसा नव्हता.

कर. परदेशी ईटीएफ २४ महिन्यांच्या आत विकला तर नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यात जातो, आणि हे फंड इतके दिवस धरायचेच नसतात. फार वारंवार सौदे असतील तर ते धंद्याचं उत्पन्न मानायचं का, हे सीएशी वर्ष सुरू होतानाच ठरवा. डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते नाही असं निवेदन) भरला की लाभांशावर तिकडे २५ टक्के कापले जातात आणि त्याचं श्रेय इथे मिळतं. परदेशी मालमत्तेचा तक्ता विवरणपत्रात भरावाच लागतो, आणि तो जानेवारी ते डिसेंबर असा. मार्चमध्ये सगळं विकून मोकळे झालात, तरी त्या वर्षाचा तक्ता सुटत नाही. वारसांसाठी आणखी एक: तिथला नागरिक किंवा रहिवासी नसलेल्याच्या अमेरिकी शेअर-फंडांवर ६०,००० डॉलरच्या वर तिथला वारसा कर लागू शकतो.

देशातले पर्याय

फ्युचरमध्येही दुप्पट करता येतं, फक्त शिस्त लागते. करार १६ लाखांचा असेल तर खात्यात ८ लाख ठेवा, मार्जिन कमी लागत असलं तरी. मग सुरुवातीला गुणक दोन होतो आणि रोजची पुनर्मांडणी नसल्यानं हेलकाव्याची ती झीजही नसते. पण लॉट मोठा आणि तोट्याला तळ नाही. दलालाच्या मार्जिन ट्रेडिंग सुविधेत निफ्टीचा ईटीएफ अर्ध्या पैशांत घेता येतो. व्याज दिवसाचं चढतं, भाव पडला की मार्जिन मागितलं जातं, आणि मंदीसाठी ही वाट नाहीच. एप्रिल २०२५ पासून स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड आले आहेत. त्यांना निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत मंदीचे उघडे सौदे करता येतात, पण किमान १० लाख लागतात, आणि मंदी किती करायची हे व्यवस्थापक ठरवतो. गिफ्ट सिटी बडोद्यापासून दोन-तीन तासांवर असली तरी गिफ्ट निफ्टीचे वायदे निवासी भारतीयांना खुले नाहीत. ‘गांधीनगरच्या ओळखीनं करून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

लहान माणसाला कायदेशीर छोटी वस्तू मिळत नाही, म्हणून तो डब्यात, म्हणजे बाजाराबाहेरच्या बेकायदा सट्ट्यात, जातो. गुजरातेत हे कुणाला समजावून सांगायला नको. डब्यात लॉट नाही, कागद नाही, दहा पट उधारी आहे, आणि जिंकलेले पैसे देणं डबेवाल्याच्या मर्जीवर. असा सौदा सिक्युरिटीज करार कायद्याखाली गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइलवर परदेशी निर्देशांकाचे ‘सीएफडी’ (नुसत्या भावातल्या फरकावरचे सौदे) विकणारी अ‍ॅप त्याच जातीची. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत विदेशी चलन मंचांची सतर्कता यादी देते, ती आधी पाहा. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं मात्र नाही. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) उल्लंघनात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

हक्क कुठे मागायचा

अमेरिकेत हा प्रश्न पत्रांनी हलला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेकनं प्रस्ताव मांडला की हे फंड घेऊ देण्याआधी दलालानं ग्राहकाची पात्रता तपासावी. हजारो पत्रं आली, बरीचशी साध्या गुंतवणूकदारांची. ऑक्टोबर २०२० च्या अंतिम नियमात ती तपासणी गळाली. त्याऐवजी फंडांच्या जोखमीवर २०० टक्क्यांची मर्यादा आली आणि जुने तिप्पट फंड चालू राहिले. मार्च २०२२ मध्ये फिनरानं गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी परीक्षा किंवा बंधनं असावीत का असं विचारलं, तेव्हा पुन्हा हजारोंनी लिहिलं. दक्षिण कोरियानं वेगळी वाट धरली: आधी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करा, मग घ्या. आम्हाला ती जास्त पटते.

सेबी नवा नियम आणण्याआधी बहुधा सल्लामसलत पत्र काढते. संकेतस्थळावर ‘रिपोर्ट्स’ विभागात जनतेच्या सूचनांसाठी वेगळी यादी असते आणि प्रत्येक पत्राखाली शेवटची तारीख, बऱ्याचदा साधारण तीन आठवड्यांची. म्युच्युअल फंड, ईटीएफ किंवा डेरिव्हेटिव्ह हे शब्द दिसले की पत्र उघडा. प्रस्तावाच्या परिच्छेदाचा क्रमांक, सहमत की असहमत, कारण, आणि पर्यायी शब्दरचना, या क्रमानं लिहा. ‘आमचे पैसे, आमची मर्जी’ एवढंच लिहिलेल्या पत्रातून नियम लिहिणाऱ्याला काही घेता येत नाही. ६ लाखांच्या पुंजीला १५ लाखांचा लॉट कसा बसत नाही हे आकड्यांत मांडा, वरच्या सरावाचा तुमचा तक्ता जोडा, आणि मागणी नेमकी करा: सुरुवातीला फक्त निफ्टी ५० वरचा उणे एक आणि दुप्पट फंड, एकाच शेअरवरचा नाही; खरेदीआधी वीस प्रश्नांची चाचणी; एका पॅनवर रकमेची मर्यादा; आणि फंडाच्या पानावर १, ५, २० व ६० दिवसांचा प्रत्यक्ष परतावा निर्देशांकाच्या पटीशेजारी छापण्याची सक्ती.